ऋणनिर्देशाचं पान

२ मार्च, सोमवार
आधी घरची खबरबात. हिचा गुडघा कसा आहे? दुखतोय, पण बोलत नाही. आईचे कान? उजवा बंद, डावा मनाला येईल तेव्हा चालू. मुलीची सर्दी? तिच्या घरून फोन होता, उतरली. माझी तब्येत? एकदम उत्तम. एकसष्टाव्या वर्षी पदवी मिळतेय! चाळीस वर्षं दुसऱ्यांचे प्रबंध बांधले, आता स्वतःचा प्रकल्प बांधणार. बाइंडरचे हात कायम खळीत, पुस्तक धरणार कोण? म्हणून चार वर्षं रोज दुपारी ही शेजारी बसून वाचून दाखवायची. त्या निमित्ताने तिचंही बरंच शिक्षण झालं. माझ्यामुळे.

५ मार्च
कॉलेजच्या बाईंचा निरोप. २१ तारखेला पदवीसमारंभात नाव पुकारलं की प्रत्येकाच्या प्रकल्पातलं ऋणनिर्देशाचं पान माइकवर वाचणार. घरच्यांना जरूर आणा. वा! अशी हजारभर पानं माझ्या हाताखालून गेलीत. वाचलं एकही नाही. बाइंडर मजकूर वाचत नसतो, समास बघतो.
हिला म्हटलं, तुझ्याबद्दल असं लिहितो की हॉल रडेल. ही म्हणाली, हॉल राहू दे, माझं नाव तेवढं नीट लिहा.

९ मार्च
पानाला सुरुवात. ‘माझी पत्नी’ एवढं झालं. पुढचं सुचायला चहा घेतला. मग एका वहीची शिवण सैल वाटली, ती उसवून परत घातली. निश्चय: उद्या पहाटे सहाला बसायचं.

१० मार्च, सकाळी ९.४०
सहाला डोकं चालत नाही, हे शास्त्र आहे.
टायपिंगवाल्याकडे गेलो. समास कसे हवेत ते दाखवायला दुकानातलं एक रद्दीतलं पान दिलं, कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या ऋणनिर्देशाचं. म्हटलं, हे असं करून ठेव, मजकूर मागाहून देतो. अर्धं काम झालं!

१४ मार्च
हिने विचारलं, झालं का पान? म्हटलं, मनात तयार आहे. ही म्हणाली, मग मनातून कागदावर यायला बस केव्हाची आहे? तिने नवा चष्मा करून घेतलाय. मी स्टेजवर स्पष्ट दिसावा म्हणून.

१८ मार्च
प्रकल्प पास झालाय, उद्या त्याची बांधलेली प्रत द्यायची. टायपिंगवाल्याकडून गठ्ठा आणला. बघतो तर ऋणनिर्देशाचं पान हजर! मजकूर मी त्याला कधी सांगितला ते आठवत नाही. बोलण्याच्या ओघात सांगितला असणार. समास चोख होते. बांधून टाकला.

२१ मार्च, शनिवार
लिहायची इच्छा नाही.
पहिल्या रांगेत आई, ही, मुलगी. मी काळ्या गाऊनमध्ये स्टेजवर. बाईंनी वाचलं: माझ्या कैलासवासी आईचे आशीर्वाद आणि लग्न न करता मला वाढवणारी माझी आत्या यांच्यामुळे आज मी इथे उभा आहे.
मला आत्याच नाही. मी हसत राहिलो. फोटोवाला समोर होता.
आईचा डावा कान नेमका चालू. मुलीला मोठ्याने म्हणाली, मी कधी गेले गं? मला कुणी कळवलंसुद्धा नाही. सगळा हॉल हसला. ही हसली नाही. पुढे सरकून बसली होती, बाईंच्या तोंडाकडे बघत. पुढच्या मुलाचं नाव पुकारलं, तेव्हा कुठे मागे टेकली.

२२ मार्च
चूक सरळसरळ टायपिंगवाल्याची. हिला तसं समजावलं. ही म्हणाली, त्याच्यावर कशाला चिडता, त्याला काही मी चार वर्षं वाचून दाखवत नव्हते. आई म्हणाली, मेलेल्या माणसाने मध्ये बोलू नये, पण चूक तुझीच.
दुपारी ही बॅग भरून मुलीकडे गेली. म्हणे गुडघा तिथल्या डॉक्टरला दाखवायचाय.

२५ मार्च
प्रकल्प कॉलेजातून परत आणला. ठराव: ते पान कापून नवं चिकटवायचं. सांधा दिसणार नाही, हा हात कुणाचा आहे! फोन करून सांगितलं. ही म्हणाली, सगळ्यांनी कानांनी ऐकलं, त्यावर काय चिकटवाल? फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

२६ मार्च, दुपारी ३
खळ केली. कात्री घेतली. पान कापलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी. तिसऱ्या पेपरात मी दोनदा आपटलो होतो. तेव्हा पुस्तक मिटून तिने सगळा धडा मला गोष्टीसारखा सांगितला होता. बाईंनी कौतुक केलं, तर मी म्हणालो होतो, मी आपला आपणच शिकलो. हे इथे लिहितानाही इकडेतिकडे बघितलं.

२९ मार्च, रविवार
पत्र लिहिलं, उद्या टाकीन. नाही, आजच टाकलं. नक्कल ठेवतोय:

‘गुडघा कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले? मुलीची सर्दी उलटली नाही ना? आई मजेत आहे, म्हणते गेल्यापासून भूक वाढलीय. मी बरा नाही. टायपिंगवाल्याची चूक नव्हती. तुझ्यासाठीचं पान मी लिहिलंच नव्हतं. वेळ नव्हता असं नाही. खरं लिहिलं असतं तर पदवी निम्मीअधिक तुझी निघाली असती, आणि मला ती सगळी माझीच हवी होती. लाज वाटते. हे माइकवर म्हणायला हवं होतं, पत्रात म्हणतोय. तुला हवं तितकं रागावून लिही, पण लवकर लिही.’