कॉर्नेटवरची पावडर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायची भीती वाटायला नको. तरी वाटते. समोर असता, तर हे वाक्य पुरं होण्याआधीच म्हणाला असता, "मुद्द्याचं बोल बाई, गिऱ्हाईक बसून राहिलं." तुमच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती, फोटोच्या वेळी हलणारी आणि न हलणारी. मी कुठल्या प्रकारात बसत होते, ते तुम्ही कधी सांगितलं नाही. आज मी हललेली आहे एवढं समजा आणि शांतपणे ऐका. ऐकण्याची सवय तुम्हाला नव्हती, पण आता दुसरं काही कामही नसेल.

मोहाडीचा आपला स्टुडिओ मला अजून झोपेतसुद्धा आखून दाखवता येईल. पुढे बाजाराचा रस्ता, मध्ये पडदा आणि तो मोठा लाकडी कॅमेरा, मग खिडकी बुजवून केलेली काळोखी कोठी आणि तिला लागूनच आईचा स्वयंपाक. आई मिरचीची फोडणी द्यायची आणि आत मी डोळे पुसत प्रिंट धुवायचे. सत्तर सालानंतरची ती वर्षं. धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागायची आणि नाटकमंडळ्यांमधल्या, म्हणजे आपल्याकडच्या पार्ट्यांमधल्या, पोरांना हँडबिलावर छापायला फोटो हवे असायचे. नटांचे फोटो कोणीही काढावेत, वाजवणाऱ्यांचे मात्र तुम्हीच, असं भंडाऱ्यापर्यंत बोललं जायचं. ढोलक, पेटी, क्लॅरिनेट, बिगुलासारखं पितळी कॉर्नेट घेऊन ती मिसरूड फुटलेली पोरं यायची. आदल्या दिवशी पितळ चिंचेने आणि राखेने घासघासून आणायची. स्वतःचं तोंड इतक्या मायेने कोणी धूत नसेल. तुम्ही वाद्य कसं धरायचं ते सांगायचा, मान जरा वळवायचा आणि काळ्या कापडाखाली शिरायचा. तेवढ्यापुरती तुमची पाठ आणि पायच खोलीत उरायचे, आणि पोरं देवळात बसल्यासारखी गप्प व्हायची.

एक क्लॅरिनेटवाला आठवतो का? काटकुळा, शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या. त्याचा फोटो मी धुतला तेव्हा क्लॅरिनेटची एकेक चावी लखलखीत आली होती आणि चेहरा मात्र ओल्या पाटीवरच्या खडूसारखा पुसट. तुम्ही प्रिंट दिव्याजवळ नेला, डोळ्यांपाशी धरला आणि त्याच्यावरच उखडलात. "तुले सांगलं होतं ना, हालू नको मनून!" पोरगा उभाच राहिला. तो रागावला नव्हता, पण त्याला ते लागलं होतं. म्हणाला, "हाललो नाही जी मी. दम धराचा तं आमचा धंदाच आहे." तुम्ही हसण्यावारी नेलंत आणि दुसरा फोटो काढून दिलात. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. पोरगा हलला असता तर हातातलं क्लॅरिनेटही हललं असतं. ते तर तिळमात्र हललं नव्हतं. म्हणजे नेम, ज्याला फोकस म्हणतात तो, चुकला होता. कॅमेऱ्याच्या घासलेल्या काचेवर तुम्ही पोराचे डोळे शोधत नव्हता, चमकणारी चावी शोधत होता. कारण तुम्हाला तेवढंच दिसत होतं.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. जुने प्रिंट काढून पाहिले. ढोलकवाल्याच्या कड्या स्पष्ट, चेहरा मऊ. कॉर्नेटचं तोंड स्पष्ट, त्यामागचा माणूस धुक्यात. आणि गिऱ्हाइकं खूश होती हो बाबा! "वाद्य कसं झळकून राहिलं पाहा," म्हणत घेऊन जायची. तुम्ही नागपूरहून मला बारीक ब्रश आणून दिला होता, गालावरचे डाग आणि देवीचे वण झाकायला. त्याच ब्रशने मी बुबुळं काळी करू लागले, पापण्यांची रेघ ओढू लागले. एखादा चेहरा तासभर बसून निभावता यायचा. पण रोज सकाळी दाराची साखळी वाजली की वाटायचं, आज किती चेहरे रंगवावे लागणार? स्टुडिओ बंद पडला तर आपण खाणार काय, ही एक धास्ती. तुम्हाला हे कळलं तर तुम्ही काय व्हाल, ही त्याहून मोठी. आईला सांगावं असं दहादा मनात आलं. तीही भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहायची आणि काहीतरी विचारता विचारता थांबायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ रात्रंदिवस आवळून धरणाऱ्याचे हात किती दुखतात ते कोणी म्हणत नाही.

मग नाकाडोंगरीची ती पार्टी आली. दिवाळी होऊन गेलेली, सकाळची वेळ. सहा-सात पोरं, सगळ्यांचा मिळून एकच फोटो हवा. संध्याकाळी तो घेऊन एक जण नागपूरला हँडबिलाच्या छपाईचा ब्लॉक करायला जाणार, म्हणजे पुन्हा काढायला सवड नाही. मी चेहरे मोजते. एक चेहरा मी रंगवला असता, इतके चेहरे संध्याकाळपर्यंत कसे रंगवू? त्यांचा म्होरक्या पेटीवाला होता, वयाने माझ्याएवढाच, पण बोलायला वकील. म्हणाला, "भाऊ, मागच्या साली त्या पार्टीच्या फोटोत कॉर्नेट पांढरं फटक आलं होतं. आमचं तसं नाही झालं पाहिजे." धंद्याचं बोललं की तुम्ही सगळं विसरायचा. लगेच मला म्हणालात, "बाई, पावडर आन."

आरशापाशी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली तोंडाची पावडर मी आणली. उपाय जुनाच होता, पितळेचं तेज मारायला तुम्ही तो पूर्वीही करायचा. पण तेव्हा तुमचे डोळे धड होते. तुम्ही बोटाने कॉर्नेटच्या तोंडावर, डग्ग्याच्या पितळेवर, क्लॅरिनेटच्या चाव्यांवर पावडर लावत सुटलात. कॉर्नेटवाला कळवळला. "काय करून राहिले जी! पहाटेपासून घासलं मी!" सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मी दिव्याचा स्टँड धरून उभी आणि मला ओरडावंसं वाटतंय की बाबा, नका झाकू, तेवढाच तर उजेड आहे तुम्हाला. स्वतःच्या हाताने तुम्ही तुमची काठी फेकून देत होता आणि पोरांसमोर मला ब्र काढता येत नव्हता.

तुम्ही कापडाखाली गेलात. कॅमेऱ्याचा स्क्रू पुढे फिरला, मागे फिरला. पुन्हा पुढे. पोरं श्वास रोखून बसलेली, मग एकाने सोडला, मग दुसऱ्याने. पेटीवाला डोळ्यांनीच मला विचारतो, काय झालं? मी उगाच दिवा इंचभर सरकवते. तुमच्या सदऱ्याची पाठ ओली होताना मला दिसते. बाहेर बाजारातून कोणी मोठ्याने हसत जातं आणि मला वाटतं, ते आपल्यालाच हसलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शेवटी आतून तुमचा आवाज आला, नेहमीसारखाच करडा. "बाई, इकडे ये. मागचा ढोलकवाला बराबर येते का, पाहून घे."

मी कापडाखाली शिरले. लहानपणी शिरत असे, त्यानंतर पहिल्यांदाच. काचेवर सगळी पार्टी उलटी टांगलेली, आणि सगळी विरघळलेली. तुमचा हात स्क्रूवर होता. मी त्यावर हात ठेवला. तुम्ही हात काढून घेतलात. मी स्क्रू हलकेच फिरवला आणि एकेक जण धुक्यातून वर आला, पेटीवाल्याच्या भुवया, कॉर्नेटवाल्याचे रुसलेले ओठ, सगळ्यांचे डोळे. "येते बाबा," मी म्हटलं. तुम्ही माझ्या कानाशी विचारलंत, "कवापासून मालूम आहे तुले?"

"क्लॅरिनेटवाल्यापासून."

तुमच्या श्वासाला तंबाखूचा वास होता. मग म्हणालात, "तो पोट्टा खरंच हालला नव्हता तं." बस, एवढंच. स्वतःबद्दल एक शब्द नाही. बाहेरून कोणी तरी विनवलं, "झालं का जी? कंबर दुखून राहिली." तुम्ही कापड झटकून बाहेर आलात, "हालाचं नाही!" म्हणून त्यांना दरडावलंत आणि फोटो काढलात. त्या फोटोला मी ब्रश लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

पुढे सगळं रुळलं. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही रुबाबात म्हणायचा, "बाई, पाहून घे," आणि लोकांना वाटायचं, बाप लेकीला धंदा शिकवतोय. भंडाऱ्याच्या शिबिरात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला, चिडचिडही परत आली. त्या क्लॅरिनेटवाल्याला तुम्ही मोहाडीच्या बाजारात गाठलंत आणि त्याला चहा पाजलात, हे मला आईने सांगितलं. ऐंशीनंतर रंगीत फोटो आले आणि ते नीट शिकायच्या आत तुम्ही गेलात. मला तुमचा तेव्हा फार राग आला होता. अजूनही अधूनमधून येतो. न बोलता सगळं रेटत राहण्याची तुमची पद्धत तुम्ही मला शिकवून गेलात, आणि ती मोडायची कशी, ते नाही शिकवलंत.

कारण मुद्दा हा आहे, बाबा. मी अजून फोटो काढते. गावातल्या संगीताच्या वर्गाची पोरं दरवर्षी माझ्याकडे येतात, पेटी, तबला, आता गिटारसुद्धा. कॅमेरा आता स्वतःच नेम धरतो आणि नेम धरला की बारीक आवाज करतो. गेल्या पावसाळ्यापासून मी त्या आवाजावरच चालले आहे. उजव्या डोळ्याने, आणि आता डाव्यानेही, पेटीच्या पट्ट्या मधोमध वाकड्या दिसतात, आणि माणसाकडे पाहिलं की कान दिसतात, नाक नाही. तुमच्यासारखा मोतीबिंदू असता तर मी नाचत गेले असते, आजकाल तासाभरात घरी सोडतात. पण पट्ट्या वाकड्या दिसणं हे मोतीबिंदूचं लक्षण नाही, एवढं मी ऐकून आहे. म्हणून डॉक्टरकडे गेले नाही. जाऊन काय ऐकावं लागेल याची भीती वाटते. लेक फोनवर म्हणते, "आई, फोटो मस्त आले गं," आणि मी पाऊसपाण्याच्या गप्पा काढते. तुम्हाला निदान दिव्यापाशी उभी असलेली मी होते. माझ्या दिव्यापाशी कोणी नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही, आणि लेकीला वाचून दाखवायचं धाडस आजही झालेलं नाही. काल वर्गातली एक मुलगी पेटी घेऊन समोर बसली होती, असेल नऊ-दहा वर्षांची. मी कॅमेऱ्यामागून तिला म्हटलं, "हं, हस थोडी." ती म्हणाली, "मी हसूनच तं राहिली, आजी." मग जरा वेळाने, हळू आवाजात, "तुमाले दिसून राहिलं ना?"

मी हो म्हणाले, बाबा. तिला ते खरं वाटलं नाही.