चौकातले बाक आणि ‘बसा’ ही पाटी

लिहून ठेवणार मी, वय वर्षे चोपन्न, धंदा बांधकामाचा. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं तसं नाही, हे डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. कोणाच्याही दडपणाखाली मी हे लिहीत नाही. दडपण आणावं असं माझ्यापाशी फारसं उरलेलंही नाही.

१. वस्तीच्या मधोमध असलेली चौदा दुकानांची दुकानवाडी मी बांधली. मधला चौक मोकळा ठेवून चारी बाजूंना दगडी बाक घातले. लोकांनी साबण घ्यायला यावं आणि गप्पांच्या नादात साबण विसरून घरी जावं, असं माझ्या मनात होतं. लोकांनी तंतोतंत तसंच केलं.

२. चौकाच्या तोंडाशी ‘बसा’ ही पाटी मीच लावली. पहिल्याच दिवशी कापडवाला म्हणाला, “अहो, दुकानांसमोर ‘बसा’ कोण लिहितं? धंदा बसेल की!” मी हसलो. तीन वर्षांत सहा दुकानं बसली. तेव्हापासून दुकानदार मंडळात मला ‘बसासाहेब’ म्हणतात. भिंत सरळ आहे का ते सांगणारा माझा ओळंबा कापडवाल्याला द्यावा. तो निदान भिंतीबद्दलच बोलतो.

३. राहतं घर थोरल्या ताईचं. तिला सांभाळणाऱ्या शेजारीणबाईंनी तिच्यासोबत तिथेच राहावं. सात नंबरचं दुकान पुतण्याला. तो ते विकणार हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. “काका, असं काय बोलता!” एवढं म्हणून त्याने आपलं कर्तव्य केलं आहे.

४. बाकांबाबत. येत्या एक तारखेला ते तोडून तिथे गाड्या लावायच्या, असा मंडळाचा ठराव झाला आहे. तेरा विरुद्ध मी. वकील म्हणाले, “चौक सामाईक आहे. तो तुम्हाला मृत्युपत्रात देता येणार नाही.”
“मग इच्छा लिहू?”
“लिहा की. इच्छेला स्टँप लागत नाही.”

तर इच्छा अशी. आई गेल्यावर ताईने मला वाढवलं, तेही “बस गप!” एवढ्या दोन शब्दांत. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यातून एकेक माणूस उठून जाऊ लागलं. मी सगळ्यात शेवटी उठलो. घरात ती दारं वाजवते, “मला घरी सोडा” म्हणते. न्हाव्यासमोरच्या बाकावर मात्र शांत असते. पाटी वाचते. मी जवळ गेलो की सरकते, हाताने जागा झाडते आणि म्हणते, “बसा.” मला. धाकट्या भावाला. मी बसतो.

हे मंडळापुढे सांगितलं. अध्यक्ष म्हणजे कापडवालाच. म्हणाला, “ताईंना प्लास्टिकची खुर्ची ठेवू ना!” खुर्चीत एकच माणूस मावतं. ती सरकणार कुठे?

५. म्हणून पाटी न्हाव्याला. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना थांबायला फळी आहे. दोघं बसतात, मी मोजली आहे. पाटी तिथे लावावी, ताईला तिथे बसू द्यावं. तिने “बसा” म्हटलं तर जो कोणी असेल त्याने बसावं, घाई असली तरी. न्हाव्याचा भाडेकरार मार्चपर्यंत आहे. त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

स्थळ: न्हाव्यासमोरचा बाक.
दिनांक: एकोणतीस. बाकाचे दोन दिवस बाकी.
सही: बसासाहेब

साक्षीदार:
१. चष्मेवाला. चष्मा घरी विसरला होता. माझा लावून सही केली.
२. शिंपी. उभ्यानेच सही करणार होता. ताई “बसा” म्हणाली. बसून केली.