पुसलेल्या सहीचे चित्र व्यंकटरावांना

माझी बुद्धी शाबूत असल्याचे काल जिंतूरच्या डॉक्टरांनी तपासून लेखी दिले आहे. "मला इचारलं असतं तर एवढ्या लवकर लिहून दिलं नसतं," असे माझी पत्नी सुलाबाई म्हणाली; तेही येथे नमूद करतो. मी, सिद्धोधन दत्तराव वाकळे, वय ७२, निवृत्त तालुका वार्ताहर, राहणार जिंतूर, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे.

१. राहते घर सुलाबाईने हयातभर वापरावे. तिच्या पश्चात ते मुलगा धम्मानंद व मुलगी मनिषा यांना निम्मे-निम्मे. बँकेतील शिल्लक सर्वस्वी सुलाबाईची. लोखंडी कपाटही तिचेच. माझ्या चित्रांपायी तिच्या साड्या आयुष्यभर पेटीत राहिल्या.

२. ती चित्रे म्हणजे जुन्या काळच्या नामांकित क्रिकेटपटूंची, इंग्लंडात छापलेली. प्रत्येकाच्या कडेला त्या खेळाडूच्या हातची सही. हैदराबादच्या जुन्या बाजारातून बातम्यांच्या मानधनावर एकेक जमवली. धम्मानंद म्हणतो, "बाबा, विकून टाका. या दाढीवाल्यांना इथं कोण ओळखतं?" त्याला माझे भिंग देत आहे. नीट पाहावे.

३. चित्रे मनिषाला. ती पालमच्या शाळेत मुलींना क्रिकेट शिकवते. "कपाटातला खेळ कोण बघणार, बाबा?" असे ती नेहमी विचारते. चित्रे विकू नयेत, पुन्हा कपाटात ठेवू नयेत. मुलींच्या खेळाच्या खोलीत, ऊन लागणार नाही अशा भिंतीवर लावावीत.

४. मात्र इतक्या जुन्या कागदाला हलक्या हाताने फ्रेम करणारा माणूस तालुक्यात एकच: व्यंकटराव. काही वर्षांपूर्वी माझे सर्वांत जुने चित्र त्यांच्याकडे दिले होते. परत देताना म्हणाले, "कडंला कुणीतरी पेन्सिलनं गिरगटलं होतं. रबरानं साफ केलं. त्याचे पैसे नका देऊ." ती सही होती. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. पण राग जपत बसलो तर कागदाला कसर लागेल. म्हणून ते चित्र मी व्यंकटरावांना देत आहे, आणि बाकीच्या चित्रांच्या फ्रेमा त्यांनीच कराव्यात अशी विनंती करत आहे.

या कलमाचा मसुदा मनिषाने गेल्या महिन्यात त्यांना दुकानात वाचून दाखवला. बराच वेळ ते एकच काच पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाला म्हणावं, मरायची वाट कशापायी बघायलास? चित्रं घिऊन ये. रबर मी घरी ठिवतो."

५. सबब तिसरे कलम माझ्या मृत्यूसाठी थांबणार नाही. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, त्यामुळे व्यंकटरावांची सही खाली नाही. ते त्यावर नाराज आहेत. पहिल्या सहा फ्रेमा तयार आहेत. येत्या रविवारी आम्ही दोघे त्या मांडीवर घेऊन एसटीने, परभणीला गाडी बदलून, पालमला जाऊ. मनिषाने खिळे ठोकून ठेवले आहेत. सराव आटोपून मुली खोलीत येतील, तेव्हा चित्रे भिंतीवर असतील.

लिहून देणार: सिद्धोधन दत्तराव वाकळे (सही)

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
हरिओम घुगे, शेजारी (सही)
कडूबाई साबळे, निवृत्त परिचारिका (सही)

जिंतूर, जि. परभणी
१२ फेब्रुवारी २०२५