फरशीवर पडलेला गोळा

ताई,

उद्या तुझ्या खुब्यात जो सिरॅमिकचा गोळा बसवणार, त्याच्या खोक्यावर आमच्या कारखान्याचा शिक्का आहे. नर्सनं खोकं दाखवलं तेव्हा मी तो ओळखला. गेल्या वर्षी पॅकिंग करताना असा एक गोळा माझ्या हातून फरशीवर पडला. पडलेला फेकायचा, असा नियम. तडा दिसला नाही म्हणून मी गुपचूप खोक्यात भरला. आतला तडा दिसत नसतो, माणूस चालता चालता गोळा फुटतो, हे मागाहून कळलं.

तोच हा असेल असं नाही. पण कुणाच्या तरी खुब्यात तो असणारच ना?

मघाशी मी म्हटलं, "धातूचा बसवून घे." तू हसलीस, "आली मोठी चौथी पास डॉक्टरीण!"

आता खाटेवरून विचारतेस, "काय गं खरडतेयस?"

"सामानाची यादी."

"मग वाच की."

मी वाचतेय, ताई: "साबण, कंगवा, टॉवेल..."

तुझी,
धाकटी