गडग्यापलीकडचा सब्जा

२ डिसेंबर, मंगळवार
आगरदांड्याला खोली मिळाली. खिडकीतून दिघीची फेरी दिसते. सवयीने दोन कप घेऊन आलो. एक परत पिशवीत टाकला. सु. जाऊन दोन वर्षं होतील, हाताला अजून पत्ता नाही.
काम: सिद्द्यांच्या जुन्या कब्रस्तानाची मोजणी व नकाशा. किनाऱ्याचा रस्ता रुंद होणार, आखणीत गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून असलेला आतला पट्टा जातोय. कचेरी म्हणते, पट्ट्यात कबर दाखवा, पट्टा सोडू. म्हणजे नकाशावर टिंब आणि खाली मोजणाऱ्याची सही. नोकरीत तीस वर्षं हेच केलं. आता फुकट करतोय म्हणून लेक बंगळुरूहून फोनवर ओरडली. ओरडली तरी बरं वाटलं.

३ डिसें.
राखण करणारे कादिरभाई (यापुढे का.भा.) दिवसभर बरोबर. म्हणाले, "खोकरीचे घुमट बघाय गाड्या भरून येतात. ते नबाबांचे. हितं तोफा ओढनारे झोपलेत. आमचे बापजादे हबशातनं, आफ्रिकेतनं आनले, हितंच मेले. दगड हाय, नाव न्हाय."
मधला भाग पुरा. ४१ क. (कबरी). नाव फक्त तीन कबरींवर.

५ डिसें., शुक्र.
का.भा. डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला गेलेत. थांबायचं कशाला, म्हणून एकट्यानेच गडग्यालगतचा पट्टा आणि त्याच्या आतलंही रान साफ केलं. कमरेएवढं रान. कोयता चालवला, सगळं ओढत कोपऱ्यात नेलं, पेटवलं. आमचे पहिले साहेब म्हणायचे, आधी सफाई, मग साखळी. संध्याकाळी जमीन तळहातासारखी. पट्ट्यात एकही दगड नाही. नुसतं रान होतं तर. स्वतःवर बेहद्द खूश.

६ डिसें.
सकाळी गडग्याबाहेर एक म्हातारी उभी. उंच, काळीसावळी, ओढणीखाली पांढरे कुरळे केस. जुलेखाबी.
"सब्जा कुठं गेला?"
मला कळेना. कसला सब्जा?
"तितं माझी लेक हाय."
इथे बायका कब्रस्तानात जात नाहीत. सहा महिन्यांची पोर नवऱ्याने पुरली, आणि बायकोला बाहेरून जागा दिसावी म्हणून वर सब्जा पेरला. दगड परवडत नव्हता. चाळीस वर्षं ती इथे उभी राहून ते झुडूप बघत आली. ते मी रान म्हणून कापलं.
माफी मागितली बहुतेक. नीट आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "तुमाला कोनी सांगितलं न्हाय का?"
मी विचारलंच नव्हतं.

७ डिसें.
गेलो नाही. भात टाकला, खाल्ला नाही. कुणाला फोन करावा असं नाव आठवेना.

९ डिसें.
का.भा. आले, काळा चष्मा लावून. रागावले असते तर सोपं गेलं असतं. हळू म्हणाले, "साहेब, गरिबाचा सब्जा म्हंजे दगडच की."
पट्ट्यात असे आणखी किती होते? ठाऊक नाही. मोजायच्या आधीच कापले. बी मातीत असेल, पावसात उगवेल म्हणतात. पण मी सगळं ओढत नेलं, बी कुठल्या कुठे सांडलं असणार. आणि नकाशा याच महिन्याअखेर द्यायचाय. गाढव, गाढव, गाढव.

११ डिसें.
रात्री सुचलं होतं, सकाळी केलं. जुलेखाबीला विचारलं, रोज एकाच जागी उभ्या राहायचात?
"व्हय. गडग्याच्या या दगडावर हात ठेवून."
तिथेच मोजणीची दुर्बीण लावली. तिने हात केला, मी त्या दिशेने खुंट्या मारल्या. रेघ मिळाली! पोरासारखा आनंद झाला.
मग भानावर आलो. एका रेघेने दिशा कळते, अंतर नाही. दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ लागते, दोन्ही कापतील तिथे जागा.
"खाला, दुसरीकडून कधी बघितलंत?"
"दुसरीकडं काय कराय जाऊ?"
जागा नवऱ्याला माहीत होती. तो कुवेतला वारला, तिथेच पुरला.
मग तिने मलाच विचारलं, "तुमची बायको?"
म्हटलं, अस्थी खाडीत सोडल्या.
"मग तुमी कुठं बघता?"
डोळे भरून आले. सु., तिच्यासमोर लाज वाटली नाही.

१५ डिसें., सोम.
अलिबाग, कचेरी. टेबलावरचा तरुण माणूस चांगला आहे. "काका, रेघ चालत नाही. त्या रेघेवर कुठंही टिंब द्या. कोण खोदून बघणार आहे?"
रेघेचा अलीकडचा निम्मा भाग पट्ट्यात, पलीकडचा सुरक्षित. टिंब अलीकडे दिलं तर पट्टा वाचतो, त्यातले सगळेच वाचतात. पण न पाहिलेलं टिंब मी आजवर दिलेलं नाही. आणि ती उरलेला जन्म त्या टिंबाकडे बघत राहील.
टिंबच नाही दिलं आणि पोर पट्ट्यात असली, तर तिच्यावरून डंपर.

१७ डिसें.
जुलेखाबीला सगळं सांगितलं. टिंब खोटं असू शकतं, हेही. म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथे देतो.
तिने दगडावर हात ठेवला. मग का.भां.ना म्हणाली, "कादिर, मी आत जाऊ?"
का.भां.नी फाटक उघडलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.
चपला बाहेर काढून आली. खुंटीमागून खुंटी चालली. मी मागे, हातात नकाशा. पट्ट्यात थांबली, खाली बसून माती चाचपली. उठली. पट्ट्याची हद्द ओलांडून पलीकडे गेली, तिथेही बसली. परत फिरली. असं तीनदा.
मी पेन्सिल काढली होती.
"भायेरनं एकच जागा दिसायची, साहेब. आत आल्यावर सगळीकडंच ती हाय असं वाटतं."
अजान झाली, ती घरी गेली. उद्या येते म्हणाली. नकाशा टेबलावर आहे, त्यावर रेघ आहे, टिंब नाही, सही केलेली नाही.