तात्यांचं इंग्रजी

पुनावळे,
सोमवार, ता. ११ नोव्हेंबर १९५७

चि. सयाजी यास,

पत्राच्या सुरुवातीला चिरंजीव लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आशीर्वाद पुढच्या पत्रात, तोवर मनात आले तर. इकडे सगळं ठीक आहे. भात कापून झालं, खळ्यावर झोडणी चालू आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. माझी शाळा दिवाळीनंतर सुरू झाली. सुमनला आणि बाळाला जवळ घेतलं म्हणून सांग, त्या दोघांवर माझा काडीचा राग नाही.

तुझं पत्र मारुतरावांनी आणून दिलं. तुमच्या कारखान्यातली पाळी संपवून ते नदी उतरून आपल्याच दारावरून घरी जातात. हल्ली तुझा निरोप देताना त्यांना हसू आवरत नाही. "शनवारी सायबांकडं कार्यक्रम दिसतोय!" असं म्हणाले. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे म्हणजे.

दिल्लीहून मोठे साहेब येणार, शिक्षणासाठी परदेशी कुणाला धाडायचं ते त्यांच्या हातात, तुझं नाव पुढे आहे, हे सगळं वाचलं. म्हणून तात्यांना शनिवारी चार वाजता बंगल्यावर पाठवायचं. धोतर धुतलेलं असावं, जांभळा फेटा बांधावा, आणि सार्जंटची गोष्ट म्हणायची तयारी असावी. "म्हणायची" हा तुझाच शब्द. पोवाडा आहे का तो? मी मात्र यायचं नाही, कारण सुमनच्या मदतीला आता बाई ठेवली आहेस. बरं झालं, ट्रे धरायला कोणी तरी मिळालं.

तुला विसर पडलेला दिसतो, म्हणून लिहिते. लढाईच्या दिवसांत तात्या देहूरोडच्या डेपोत पेट्या उचलायला लागले. त्यांच्यावर एक स्कॉटलंडचा सार्जंट होता. त्याचा 'र' जात्यासारखा घरघरायचा. तात्यांनी त्याचं ऐकून ऐकून इंग्रजी उचललं, तो 'र' जसाच्या तसा घेतला, आणि बाकीचे शब्द आपल्या मावळच्या जिभेवर बसवले. म्हणून ते 'इष्टोर' म्हणतात, 'हार्रड वर्रक' म्हणतात, आणि 'येस' म्हणायच्या जागी 'अय सर' म्हणतात. त्याच इंग्रजीवर ते हमालांचे मुकादम झाले आणि त्यांचा पोरगा, तू, पुण्याला कॉलेजात गेलास.

कॉलेजात गेलास तेव्हा तू 'इस्कूल' म्हणायचास. वर्ग हसला म्हणून घरी येऊन ताटावरून उठलास. तेव्हा तुझ्या पाठीवर हात ठेवून तात्या म्हणाले होते, "हसूंदे रं. त्येंची जीभ त्येंच्या गावची, आपली आपल्या गावची." मी चुलीपाशी होते. मला आठवतं. तुला आठवलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तुझ्या त्या दिवाणखान्यात कुणाची जीभ बिनगावाची आहे ते सांग. बंगाली केमिस्ट 'व्हेरी'ला 'भेरी' म्हणतात. मद्रासचे अकौंटंट 'एम'ला 'यम' म्हणतात. स्वीडनचे साहेब 'जॉब'ला 'यॉब' म्हणतात, आणि तेव्हा तू मोठा अर्थ कळल्यासारखी मान डोलावतोस. तू स्वतः वर्षभर नाकातून इंग्रजी बोलतो आहेस, ते कुठल्या गावचं हे मला अजून उमगलेलं नाही. त्यावर कोणी हसत नाही. हसायला एकटे तात्या सापडले.

दसऱ्यानंतरच्या चहाला मी आतल्या दारात उभी होते. तात्या तीच गोष्ट सांगत होते, पेट्यांत धामण निघाली, सार्जंट फळीवर चढून बसला आणि तात्यांनी ती शेपटीला धरून बाहेर नेली. गोष्ट चांगली आहे. पण धामणीला कोणी हसत नव्हतं. तू मध्येच हात वर करून त्यांना थांबवत होतास, "तात्या, तो शब्द पुन्हा." ते पुन्हा म्हणायचे. लोक पोट धरून हसायचे. केमिस्टबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्याही हसले, फेटा सावरला आणि तिसऱ्यांदा म्हणाले. माकडवाल्याच्या हातात दोरी असते, तुझ्या हातात चहाचा कप होता, एवढाच फरक.

त्यापुढचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. गोजाबाईच्या थोरल्याचं लग्न ठरलं, मुलगी तळवड्याची आहे. कालवडीच्या कपाळावर चांद आहे. शाळेचं छप्पर अजून गळतंच आहे. बघ, लिहायला गेलं तर गावात पुष्कळ आहे, पण माझा हात पुन्हा तिथेच येतो.

स्वीडनच्या साहेबांच्या मडमेनं तुला विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण? चांगल्या मनानं विचारलं. ती एकटीच हसत नव्हती. आणि तू इंग्रजीत सांगितलंस, आमच्या शेतावरचा जुना गडी आहे. अडखळला नाहीस. म्हणजे ते वाक्य आधी वापरून गुळगुळीत झालं होतं. मी लोकल बोर्डाच्या शाळेतली मास्तरीण असले तरी इंग्रजी तात्यांकडूनच शिकले आहे, एवढं मला कळतं. मी ट्रे खाली ठेवला आणि मागच्या दारानं निघाले. अक्काचं डोकं दुखलं असेल, असं तू सुमनला म्हणालास म्हणे. डोकं नव्हतं दुखलं.

आणि आता तुझ्या या पत्राची शेवटची ओळ, तीही बारीक अक्षरात. "तात्यांना सांग, चारचौघांत मला सयाजी म्हणू नये, साहेब म्हणावं." लाज वाटली म्हणूनच बारीक लिहिलंस ना? तात्यांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती ओळ मी गिळली.

काल खळ्यावर ती सांगितली. ती ओळ, तो गडी, ते हसणं, सगळं सांगितलं. तुला राग येईल, येऊ दे. खरं सांगायचं तर तात्यांनी तुझं नाव टाकावं म्हणूनच मी सांगितलं. त्यांनी झोडणी थांबवलीसुद्धा नाही.

"तात्या, ती माणसं तुमच्या गोष्टीला हसत नाहीत," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"आणि सयाजीनं तुम्हाला..."

"गडी म्हनला. ऐकलं की म्या. पयल्याच खेपंला ऐकलं. अगं, मला त्येंच्यावानी बोलता येत न्हाई, पर कळतंय समदं."

"मग जाता कशाला त्याच्या दारी?"

तेव्हा त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "त्यो हितं येतो व्हय? दिवाळीला तरी आला का? बोलावतो म्हून जातो मी. गोष्ट सांगतो तवा त्यो माझ्याकडं बघतो तरी."

सयाजी, हे वाचून रडू आलं तर तुझ्याजवळच ठेव. मला त्याचा काही उपयोग नाही आणि तात्यांना तर मुळीच नाही. एका म्हाताऱ्या माणसानं तुझं तोंड बघायला मिळावं म्हणून वर्षभर स्वतःचं हसं करून घेतलं, आणि तुला वाटत होतं की त्यांना कळत नाही. तुझ्या सगळ्या शिकण्यात तुला एवढं कळू नये?

मग थोड्या वेळानं ते आपणहूनच बोलले. "त्येच्या दारावरची पाटी बगितलीस का? एस के. त्यो के कोन? कोंडाजी. म्हंजी दारावर मी हाय, आन आत गडी." हे बोलताना त्यांचा आवाज चढला. मी त्यांचा चढलेला आवाज फार वर्षांनी ऐकला आणि मला बरं वाटलं.

मी म्हटलं, आता जाऊच नका. त्यावर आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, त्याचा साहेब येवो नाहीतर न येवो, त्याला तोंडघशी पडू दे. त्यांचं म्हणणं, पोराचं काम बिघडवायचं नाही, पण खोटं ऐकत बसायचंही नाही. ते जिंकले. ते येणार आहेत.

तेव्हा नीट वाच. शनिवारी चार वाजता तात्या येतील. धोतर धुतलेलं असेल. फेटा जांभळा नसेल, कार्याला बांधतात तो पांढरा असेल. मी त्यांच्याबरोबर असेन आणि आतल्या दारात उभी राहणार नाही, दिवाणखान्यात खुर्चीवर बसेन. सार्जंटची गोष्ट होणार नाही. सगळे जमले की तू उठायचं आणि दिल्लीच्या साहेबांना सांगायचं, हे माझे वडील. नाकातून सांगितलंस तरी चालेल.

तू उठला नाहीस तर तात्या उठतील. इंग्रजीतलं एवढं एकच वाक्य ते बोलणार आहेत. मी ते कालच ऐकलं. "आय ॲम हिज फादर्र." त्यातला 'र' सार्जंटचा आहे, बाकीचं सगळं पुनावळ्याचं. त्यावर कोणाला हसायचं असेल त्यानं हसावं. मी त्यांच्याकडे बघणार नाही. मी तुझ्याकडे बघत बसणार आहे.

मी कोण ते खाली लिहिलं आहे. तू कोण ते शनिवारी कळेल.

कोंडाजींची थोरली मुलगी,
इंद्रायणी