हॅण्ड ग्रेनेड या शब्दाचं मूळ

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी दुसरीत होते. आता इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आहे, घरात पदवी घेणारी मी पहिलीच. इंग्रजी का घेतलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. पलटणीतून आलेला इंग्रजी कागद काकांनी वाचला आणि तुमची गाडी उलटली म्हणून सांगितलं. दहावीत असताना मी तो पेटीतून काढला आणि शब्दकोश घेऊन ओळीओळीनं लावला. सरावात तुमच्या हातातच हॅण्ड ग्रेनेड फुटला होता. मी आईला वाचलं तसं सांगितलं. ती तडक काकांकडे गेली. "भाऊजी, इतके वर्ष मले काऊन नाही सांगितलं?" काका खाली पाहत म्हणाले, "वहिनी, तुमच्यानं सोसवलं नसतं." "हे तुम्ही कोण ठरवणार?" आई म्हणाली. इंग्रजीत लिहिलेलं काही यापुढे तिच्यापासून लपणार नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं. औषधाच्या डबीवरचं बारीक अक्षरसुद्धा मी तिला वाचून सांगते.

गेल्या आठवड्यात एम.ए.च्या वर्गात मॅडम शब्दांची मुळं सांगत होत्या. ग्रेनेड म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये डाळिंब. तसाच गोल, आत दाण्यांसारखी दारू ठासलेली. हातानं फेकायचा म्हणून पुढे हॅण्ड जोडलं. मुलींना गंमत वाटली. मी वहीत लिहून घेतलं आणि त्यानंतरचं काही ऐकलं नाही. सुट्टीवर येताना तुम्ही नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेरून डाळिंबं आणायचात. तुमच्यामागे आईनं ते फळ सोडलंय, पण पितरांच्या दिवशी तुमच्या पानावर वाटीभर दाणे ठेवते.

आज तुमचं पान होतं. आई डाळिंब सोलत होती, मी शेजारी. माझ्या हातून दाणे फुटत होते. "एवढी शिकली अन् दाणे काढता येत नाही काय वं? सालीले दाब, दाण्याले नको." मग नेहमीसारखं तिनं विचारलं, "या हप्त्यात काय शिकवलं?" सांगायचं असं मी ठरवूनच बसले होते. ती किडका दाणा नखानं बाजूला काढत होती, तुम्ही समोर जेवायला बसणार असल्यासारखी.

"काही नाही," मी म्हटलं. "मॅडम रजेवर होत्या."

तो कागद वाचल्यापासून काकांशी मी धड बोललेले नाही. आता काय करू, मला कळत नाही.

आईला मराठी वाचता येतं, म्हणून हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवता येणार नाही. इंग्रजीच्या पुस्तकात ठेवते. तिथे ती कधी पाहत नाही.